ईयोबाच्या पत्नीला भेटायला कोण गेले?

संकटे दोन प्रकारची असतात. काही पुरासारखी येतात आणि काही ओलीसारखी राहतात. सुरतेच्या रहिवाशांना पूर म्हणजे काय हे सांगायला नको. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेले पाणी तापीच्या पात्रात मावेना, आणि शहराचा फार मोठा भाग काही दिवस पाण्याखाली राहिला. अशा वेळी माणसे एकमेकांना धरून राहतात. वरच्या मजल्यावरचा खालच्याला घरात घेतो, ज्याच्याकडे पीठ आहे तो पोळ्या करून वाटतो, जात-भाषा-पंथ कोणी विचारीत नाही. मग पाणी ओसरते, चिखल उपसला जातो, लोक आपापल्या कामाला लागतात. भिंतीत मुरलेली ओल मात्र पुढे कितीतरी महिने राहते, आणि ती पाहायला कोणी येत नाही.

आजारपणाचेही असेच आहे. अपघात, शस्त्रक्रिया, मुदतीचा ताप ह्या पुराच्या जातीच्या गोष्टी होत. मंडळीत बातमी पसरते, पाळक येऊन प्रार्थना करतात, भगिनी मंडळातील कोणी डबा पोहोचविते. परंतु नसांचे जुनाट दुखणे हे ओलीच्या जातीचे आहे. पहिल्या महिन्यात दहा माणसे विचारपूस करतात, तिसऱ्या महिन्यात दोन; आणि वर्ष उलटल्यावर दुखणाऱ्या माणसाशेजारी बहुधा एकच माणूस उरते. ते म्हणजे त्याची बायको किंवा तिचा नवरा.

ह्या उरलेल्या माणसाचे कर्तव्य काय, आणि त्या माणसाविषयी आपले सर्वांचे कर्तव्य काय, ह्या दोन प्रश्नांचा विचार येथे करावयाचा आहे. पहिला प्रश्न आपण अधूनमधून विचारतो. दुसरा फारसा कोणी विचारीत नाही.

हे दुखणे कोणत्या जातीचे

वेदना ही देवाची देणगी आहे असे आपण पुष्कळदा ऐकतो, आणि ते खोटे नाही. तामिळनाडूतील कोल्ली डोंगरात १९१४ साली एका मिशनरी घरात जन्मलेले डॉ. पॉल ब्रँड १९४६ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. कुष्ठरोग्यांच्या हातापायांची झीज मुख्यतः बधिरतेमुळे होते, हे त्यांनी दाखवून दिले. ज्याला चटका कळत नाही तो तापलेले भांडे तसेच धरून ठेवतो. ज्याला खडा टोचत नाही तो जखमेवरच चालत राहतो. वेदना म्हणजे कोणालाही नको असलेली देणगी, अशा अर्थाचे नाव त्यांनी फिलिप यान्सी ह्यांच्यासह लिहिलेल्या १९९३ च्या पुस्तकाला दिले. घरात आग लागली की वाजणारी घंटा जशी, तशी शरीरात वेदना.

परंतु घंटाच बिघडली तर? आग नाही, धूर नाही, आणि घंटा रात्रंदिवस वाजत आहे, अशी स्थिती नसांच्या दुखण्यात होते. येथे हात किंवा पाय दुखावलेला नसून, दुखण्याची वार्ता मेंदूपर्यंत नेणारी नसच दुखावलेली असते. मधुमेह पुष्कळ वर्षे राहिला तर पायांच्या नसा बिघडतात आणि रात्री तळव्यांची आग होते. नागीण बरी होते, फोड वाळतात, परंतु त्या पट्ट्यातील जळजळ काही जणांत महिनोगणती, क्वचित वर्षानुवर्षे राहते. मणक्यातून निघणारी नस दाबली गेली तर कमरेपासून पोटरीपर्यंत कळ उतरते. चेहऱ्याच्या नसेचा एक विकार असा आहे की दात घासताना किंवा वाऱ्याची झुळूक लागताच विजेचा झटका बसावा तशी तिडीक उठते. बी-१२ जीवनसत्त्वाची उणीव आणि कुष्ठरोग ह्यांमुळेही नसांचे दुखणे मागे लागू शकते.

अशा माणसाला ‘वेदना ही देणगी आहे’ असे सांगणे योग्य नव्हे. डॉ. ब्रँड ज्या वेदनेविषयी बोलत होते ती इशारा देणारी वेदना होती. बिघडलेल्या घंटेला इशारा समजून त्यातून रोग्याने काही धडा शिकावा अशी अपेक्षा करणे म्हणजे त्याच्या दुःखावर आणखी एक ओझे ठेवणे होय.

सुरतेतील एक घर मनात आणा. लिंबायत, उधना, पांडेसरा, डिंडोली ह्या भागांत धुळे, नंदुरबार, जळगावकडून आलेली हजारो मराठी कुटुंबे आहेत. त्यांपैकीच एक समजा. नवरा लूमवर बारा तासांची पाळी करतो. बायको घरी साड्यांना खडे-टिकल्या लावते. नगावर पैसे मिळतात. तिला छातीच्या एका बाजूस नागीण झाली. ती बरी झाली, पण दुखणे राहिले. आता पदराचा स्पर्शही तिला सोसवत नाही. दिसायला कातडी चांगली आहे. रक्ताचा तपास चांगला आहे. शेजारीण म्हणते, “आता तर बरी दिसतेस!” नवऱ्याच्याही मनात कधीतरी येते की हिला झाले आहे तरी काय? येथून आपला नैतिक प्रश्न सुरू होतो.

न दिसणाऱ्यावर विश्वास

दुसऱ्याचे दुखणे आपल्याला कळू शकते काय? तत्त्वज्ञांनी ह्यावर पुष्कळ वाद केला आहे. नवऱ्याचा दात बायकोच्या तोंडात दुखत नाही, आणि बायकोची जळजळ नवऱ्याच्या छातीत होत नाही. वीस वर्षे एका ताटात जेवलेल्या दोघांमध्येही ही भिंत राहतेच. म्हणून जो म्हणतो, “मला तुझे दुखणे अगदी कळते,” तो प्रेमाने बोलत असला तरी पूर्ण खरे बोलत नाही.

परंतु प्रत्येक गोष्ट स्वतः भोगूनच कळते असेही नाही. आपण पुष्कळ गोष्टी साक्षीवरून मानतो. न्यायालय साक्षीवर चालते, इतिहास साक्षीवर उभा आहे, आणि आपला विश्वासही साक्षीदारांच्या सांगण्यावरच आपल्यापर्यंत आला. मग दुखण्याच्या बाबतीत एकमेव प्रत्यक्ष साक्षीदार जो रोगी, त्याचीच साक्ष आपण का नाकारावी? वैद्यकशास्त्रही आता ह्याच ठिकाणी आले आहे. वेदनेचा अभ्यास करणाऱ्यांची आंतरराष्ट्रीय संघटना १९७३ साली स्थापन झाली. तिच्या संस्थापकांत अग्रणी असलेले डॉ. जॉन बोनिका हे तरुणपणी आखाड्यातले मल्ल होते आणि त्या दुखापतींच्या वेदना त्यांनी जन्मभर सोसल्या. ह्या संघटनेने १९७९ साली वेदनेची व्याख्या केली आणि २०२० साली ती सुधारली. सुधारताना तिला जी स्पष्टीकरणे जोडली, त्यांत एक असे आहे की माणूस वेदना होत असल्याचे सांगतो तेव्हा त्याच्या सांगण्याचा मान राखावा.

कोणी म्हणेल, “पण तपास तर चांगला आला ना?” येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. नसांतून विजेचा प्रवाह पाठवून जो तपास करतात, त्यात मोठ्या तंतूंची स्थिती कळते. जळजळ आणि उष्णता वाहून नेणारे तंतू फार बारीक असतात. ते बिघडले असले तरी हा तपास निर्दोष येऊ शकतो. तेव्हा कागदावर दोष नाही एवढ्यावरून शरीरातही नाही असे म्हणता येत नाही.

आणखी एक शंका प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. समजा, रोगी थोडे वाढवून सांगत असेल तर? माणूस आहे, असेही होऊ शकते. परंतु दोन्ही बाजूंच्या चुकांची किंमत तोलून पाहा. थोडे वाढवून सांगितलेले खरे मानले, तर आपले चार तासांचे श्रम वाया जातील. खरे सांगितलेले खोटे मानले, तर दुखणारे माणूस आपल्याच घरात एकटे पडेल, आणि पुढे ते सांगायचेच सोडून देईल. पहिले नुकसान भरून येते. दुसऱ्याने लग्नच आतून पोखरते. म्हणून संशयाचा फायदा दुखणाऱ्यालाच द्यावा. ह्याचा अर्थ रोग्याच्या प्रत्येक हट्टाला होकार द्यावा असा नाही. “तुला दुखते हे मी मानतो, पण ह्या तेलाने बरे होईल हे मला पटत नाही,” ही दोन वाक्ये एका दमात बोलता येतात, आणि चांगला जोडीदार ती बोलतो.

शब्द शोधून देणे

जोडीदाराचे दुसरे काम शब्दांचे आहे. नसांचे दुखणे डॉक्टरांना मुख्यतः शब्दांवरून ओळखावे लागते. कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाचे रोनाल्ड मेलझॅक ह्यांनी १९७५ साली वेदनेच्या ७८ शब्दांचे २० गट करून एक प्रश्नावली तयार केली. फ्रान्समधील डॉक्टरांनी २००५ साली दहा गोष्टींची एक छोटी यादी केली. तिच्यातील सात गोष्टी रोग्याला विचारण्याच्या आहेत : आग होते काय, दुखरा गारवा वाटतो काय, विजेसारखा झटका बसतो काय, मुंग्या येतात काय, टोचते काय, बधिर वाटते काय, खाज येते काय.

आपल्या मराठीत ह्यासाठी शब्दांची वाण नाही. कळ, चमक, ठणका, तिडीक, शिणक, आग, जळजळ, मुंग्या, बधिरपणा – प्रत्येक शब्दाचे दुखणे निराळे आहे. पण रांगेत दोन तास उभे राहून डॉक्टरांसमोर गेल्यावर बहुतेक माणसे एवढेच म्हणतात, “लई दुखतं, साहेब.” त्यात सुरतेची अडचण अशी की घरात मराठी किंवा अहिराणी, आणि दवाखान्यात गुजराती. मुंग्यांना तिकडे ‘झणझणाटी’ म्हणतात, अंग बधिरले तर ‘खाली चढली’ म्हणतात, जळजळीला ‘बळतरा’ म्हणतात. मजुरा गेटजवळचे नवे सिव्हिल हॉस्पिटल असो, महानगरपालिकेचे स्मीमेर असो की गल्लीतला खासगी दवाखाना असो, हे शब्द घरी बसून दोघांनी आधीच जुळवून ठेवले तर डॉक्टरांची पाच मिनिटे कारणी लागतात. एका वहीत लिहावे : केव्हा दुखते, किती वेळ, कशाने वाढते, कशाने उतरते, झोप किती लागली. वही ठेवणे हे प्रेमाचे काम आहे असे कोणाला वाटत नाही, पण आहे.

औषधोपचारातही जोडीदाराची गरज पडते. साध्या दुखण्याच्या गोळ्या नसांच्या दुखण्यावर बहुधा पुरत नाहीत. डॉक्टर अमिट्रिप्टिलिन देतात, जी मूळची खिन्नतेवरची गोळी आहे. किंवा गाबापेंटिन, प्रेगाबालिन, कार्बामाझेपिन देतात, ज्या फेफऱ्यावरही चालतात. कोणीतरी सांगते, “अहो, ही तर वेड्याची गोळी!” आणि रोगी ती फेकून देतो. ह्या गोळ्या थोड्या मात्रेने सुरू करून हळूहळू वाढवाव्या लागतात. गुण यायला काही आठवडे जातात. आरंभी गुंगी येते, चक्कर येते. आणि मनाने एकदम बंद केल्यास त्रास होतो. पहिली लागू पडली नाही तर दुसरी पाहावी लागते. दुखणे निम्म्यावर आले तर डॉक्टर त्याला यश मानतात. पूर्ण बरे होण्याची वाट पाहणाऱ्या घराला हे यश दिसतच नाही. काल रात्री दोन तास झोप होती, आज चार तास आहे, हे मोजून दाखविणारे कोणी शेजारी असावे लागते.

नागिणीविषयी एक व्यवहाराची सूचना येथेच करतो. नागिणीचे तोंड आणि शेपूट मिळाले की माणूस दगावते, अशी समजूत आपल्याकडे अजून आहे, आणि त्या भीतीने लोक ती उतरविणाऱ्याकडे धावतात. पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत डॉक्टरांचे औषध सुरू झाले तर त्याचा उपयोग सर्वांत जास्त होतो. ते तीन दिवस मंत्रात आणि गेरूच्या लेपात घालवू नयेत.

“विश्वास कमी पडतो”

आता आपल्या मंडळ्यांतील एका दुखऱ्या जागेकडे वळू. जुनाट दुखणे असलेल्या माणसाला प्रार्थनेसाठी नेतात. प्रार्थना करणे योग्यच आहे. परंतु दुखणे राहिले की कोणीतरी हळूच म्हणते, “विश्वास कमी पडत असेल.” हे वाक्य रोग्याला लागतेच, आणि जोडीदाराला त्याहून अधिक लागते; कारण तो मनात म्हणतो, “कमी पडला तो माझा तर नसेल?”

प्रेषित पौलाच्या शरीरातील काट्याची गोष्ट आपण सर्व जाणतो. तो काटा नेमका काय होता हे शास्त्रात सांगितलेले नाही. तो दूर व्हावा म्हणून पौलाने तीनदा विनंती केली, आणि तो दूर झाला नाही. कृपा पुरेशी होईल एवढे उत्तर मिळाले. पौलाचा विश्वास कमी होता असे म्हणण्याचे धाडस कोणी करील काय? मग आपल्या बाकावर बसणाऱ्या भगिनीविषयी ते धाडस आपण कशाच्या बळावर करतो? तिला डॉक्टरांची गोळी घेताना आपण अविश्वासू आहोत असे वाटू लागले, तर तो दोष तिचा नाही.

कोणते ओझे कोणाचे

गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात पौल प्रथम सांगतो की एकमेकांची ओझी वाहावी, आणि तीनच ओळींनंतर सांगतो की प्रत्येकाला आपला भार स्वतःच वाहावा लागेल. वरवर पाहता ह्या दोन गोष्टी परस्परविरुद्ध वाटतात. परंतु मूळ ग्रीकमध्ये दोन निराळे शब्द आहेत. पहिला ‘बारोस’, म्हणजे माणसाला चिरडणारे जड ओझे. दुसरा ‘फोर्तिओन’, म्हणजे प्रवाशाचे किंवा शिपायाचे आपल्यापुरते गाठोडे.

दुखणाऱ्याच्या सोबत्याला हा भेद रोज करावा लागतो. पाण्याची कळशी उचलणे, दवाखान्याची रांग, रात्री दोन वाजता उठून बसणे, पैशांची जुळवाजुळव ही जड ओझी आहेत. ती वाटून घ्यावी. पण भाजीत मीठ किती, मुलीला कोणत्या शाळेत घालावे, आज सभेला जावे की नाही, हा ज्याचा त्याचा भार आहे. पुष्कळ प्रेमळ जोडीदार तोही हिसकावून घेतात. “तू पड, मी बघतो,” असे म्हणता म्हणता ते माणसाला घरातली वस्तू करून टाकतात. आपल्या उदाहरणातील स्त्री पूर्वी दिवसाला दहा साड्या करीत असेल, आता दोन करीत असेल. त्या दोन तिच्याकडून काढून घेऊ नयेत. वेदनेवर उपचार करणारेही असेच सांगतात की सर्व हालचाल बंद केल्याने शरीर अधिक ताठरते. झेपेल तेवढे काम, मधे विसावा, पुन्हा थोडे काम, असा क्रम ठेवावा. किती झेपेल हे तिने ठरवावे.

नवऱ्याची सेवा, बायकोची सेवा

महाराष्ट्राला ठाऊक असलेले एक उदाहरण घ्या. बाबा आमटे (१९१४–२००८) आणि साधनाताई (१९२६–२०११) ह्यांचा विवाह १९४६ साली झाला. नसांवर घाला घालणाऱ्या कुष्ठरोगाच्या रोग्यांसाठी त्यांनी आनंदवन उभारले. पुढे बाबांना मणक्याचा असा विकार जडला की बसणे अशक्य झाले. उभे राहायचे नाही तर आडवे व्हायचे. तशा स्थितीत १९८५ साली कन्याकुमारीहून निघालेल्या भारत जोडो यात्रेत ते गाडीत आडवे पडून हिंडले, आणि १९९० साली आनंदवन सोडून नर्मदेच्या काठी कसरावदला राहायला गेले. साधनाताई तेथेही बरोबर होत्या. त्यांनी ‘समिधा’ ह्या नावाने आपल्या आठवणी लिहिल्या. आजारी माणसाने कार्य सोडावे असा आग्रह धरण्याऐवजी ते कार्य आडवे पडून कसे होईल हे पाहणारे घर, असे ह्या संसाराचे वर्णन करता येईल.

परंतु हे उदाहरण देताना एक प्रश्न टाळता येत नाही. नवऱ्याच्या दुखण्यात बायकोने केलेल्या सेवेच्या गोष्टी आपल्याकडे पुष्कळ आहेत. बायकोच्या दुखण्यात नवऱ्याने केलेल्या सेवेच्या किती सांगता येतील? नवरा आजारी पडला तर बायको सेवा करते ह्यात आपल्याला काही विशेष वाटत नाही. बायको आजारी पडली तर गावाहून तिच्या आईला बोलावतात, नाहीतर मोठ्या मुलीची शाळा बुडते. लग्नाच्या वेळी वेदीपुढे आरोग्यात आणि आजारात सांभाळण्याचे वचन दोघांनीही दिलेले असते. एकाचे वचन मोठे आणि दुसऱ्याचे लहान असे उपासनेच्या पुस्तकात कोठे लिहिलेले नाही. लूमवरून बारा तासांनी परतलेला नवरा थकलेला असतो हे खरे. पण पोळ्या तो शिकू शकतो, आणि मुलीची शाळा वाचू शकते.

ईयोबाची पत्नी

आता दुसरा प्रश्न. सोबत करणाऱ्याची सोबत कोणी करावी?

शब्बाथशाळेत आपण ईयोबाची गोष्ट शिकवितो तेव्हा त्याची पत्नी एका वाक्यापुरती येते. देवाला शाप देऊन मरून जा, अशा अर्थाचे ती बोलते, आणि आपण मुलांना सांगतो की ती वाईट बाई होती. परंतु थोडे थांबून पाहावे. सात मुलगे आणि तीन मुली गेल्या त्या ईयोबाच्या एकट्याच्या नव्हत्या. त्या दहांना तिने जन्म दिला होता. संपत्ती गेली ती तिच्याही चुलीतून गेली. आणि आता नवरा राखेत बसून खापराने अंग खाजवीत आहे. ईयोबाकडे तीन मित्र दुरून आले आणि सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ न बोलता बसले. तिच्याकडे कोण आले? शास्त्रात एकाही मैत्रिणीचे नाव नाही.

जुन्या कराराच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात तिच्या तोंडी काही जास्त ओळी आहेत. आपण घरोघरी मोलमजुरी करीत हिंडतो आणि दिवस मावळण्याची वाट पाहतो, अशा आशयाचे ती त्यांत बोलते. ह्या ओळी हिब्रूत नाहीत. परंतु एवढे दिसते की त्या काळच्या भाषांतरकारालाही वाटले असावे, ह्या बाईचे म्हणणे कोणीतरी ऐकले पाहिजे.

आणखी दोन गोष्टी ध्यानात घ्या. एकोणिसाव्या अध्यायात ईयोब तक्रार करतो की आपला श्वास पत्नीला नकोसा झाला आहे. ही तक्रार दुःखाची आहे; पण तिच्यातून हेही कळते की ती अजून तेथेच होती. निघून गेली नव्हती. आणि शेवटच्या अध्यायात देव तिघा मित्रांवर रागावतो, त्यांचे बोलणे बरोबर नव्हते असे सांगतो. पत्नीला मात्र एका शब्दाने दोष देत नाही. सर्व शास्त्रवचने हाताशी असलेले मित्र चुकले. थकून तोंडाला येईल ते बोलून गेलेल्या पत्नीला बोल लागला नाही. ह्यावर शिक्षकांनी विचार करावा.

ईयोबाने तिला उत्तर दिले ते कठोर होते. पण त्या उत्तरात, देवापासून चांगले घेतो तसे वाईटही घ्यावे, हे सांगताना तो अनेकवचनात बोलतो. आपल्या मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असे दोन शब्द आहेत. ‘आम्ही’ म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो. ‘आपण’ म्हटले की तो आत येतो. ईयोबाचे ते अनेकवचन ‘आपण’चे आहे. दुखणे त्याच्या अंगावर होते, आणि तरीही ते दोघांचे होते हे त्याने मान्य केले. दुखणाऱ्या माणसानेही आपल्या सोबत्यासाठी एवढे करता येते. “तूही दमली असशील,” हे म्हणायला नसा धडधाकट असाव्या लागत नाहीत.

सोबत करणाऱ्याला थकण्याचा अधिकार आहे काय? आहे. वर्षानुवर्षे रात्री जागणाऱ्याच्या मनात कधी राग येईल, कधी हे सारे सोडून जावे असे वाटेल. असे वाटणे म्हणजे प्रेम संपणे नव्हे. जो हे कोणाजवळ तरी बोलू शकतो तो दुसऱ्या दिवशी पुन्हा उठून गरम पाण्याची पिशवी भरतो. जो बोलू शकत नाही, त्याचा राग एखाद्या दिवशी रोग्यावरच निघतो. आणि रोगी किंवा सोबती ह्यांपैकी कोणीही जगणे नको असे म्हणू लागले, तर ते उपदेशाने दडपू नये. त्याला एकटे ठेवू नये आणि डॉक्टरांना सांगावे. सरकारने २०२२ साली सुरू केलेल्या टेलि-मानस सेवेत १४४१६ ह्या क्रमांकावर फुकट बोलता येते. ईयोबानेही आपल्या जन्मदिवसाला शाप दिला होता, आणि देवाने त्याला टाकले नाही.

खाटेचे चार कोपरे

मार्ककृत शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायातील पक्षाघाती माणसाला चौघांनी उचलून आणले होते. आपल्या मंडळ्यांत पुष्कळ घरी ती खाट एकच माणूस ओढीत आहे. तेव्हा उरलेले तीन कोपरे कोणी धरावे, हे ठरविणे मंडळीचे काम आहे. त्यासाठी मोठा फंड लागत नाही. तरुण संघातील एकाने महिन्यातून एकदा दवाखान्याच्या रांगेत नंबर लावावा. ज्याला चांगले गुजराती येते त्याने बरोबर जाऊन दुभाषा व्हावे. एखाद्या कुटुंबाने शनिवारी दुपारी तीन तास रोग्याजवळ बसावे, म्हणजे सोबत्याला झोपता येईल किंवा नुसते तापीच्या काठाने फिरून येता येईल. भेटायला जाणाराने “आता बरे आहे ना?” असे विचारू नये; कारण त्याला ‘होय’ म्हणावेच लागते. “आजचा दिवस कसा आहे?” असे विचारावे. आणि निघताना दाराशी सोबत्याला निराळे विचारावे, “तुम्ही कसे आहात?” उत्तर लांबले तर चपला काढून पुन्हा आत बसावे. हे सहाव्या महिन्यात करावे, आणि दोन वर्षांनीही करावे.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांना एक विनंती आहे. पुढच्या वेळी ईयोबाचा पाठ येईल तेव्हा मुलांना विचारा : मित्र आले तेव्हा ईयोबाची पत्नी कोठे असेल? तिने त्या दिवशी काय खाल्ले असेल? वर्गातील एखाद्या मुलाच्या घरी असेच दुखणे असेल, आणि आपली आई चिडते म्हणून वाईट आहे असे ते समजत असेल. त्याला त्या दिवशी काहीतरी कळेल. कदाचित तो घरी जाऊन आईच्या हातातली कळशी घेईल.